हाकेचं पाणी

सहावी 'ब'ला 'नदीकाठच्या संस्कृती' शिकवायचं म्हणजे आधी खिडक्या लावून घ्याव्या लागायच्या. एव्हरशाईन सिटीच्या त्या टोकाला शाळेच्या मागून नाला जातो. नकाशात तो निळ्या रेघेचा आहे, म्हणजे सरकारदरबारी नदीच, पण ही नदी निळी दिसायची ती फक्त कुठल्यातरी गाळ्यात कापडाला निळा रंग दिला त्या दिवशी. एरवी काळी. उन्हाळ्यात तिच्यावर साय धरायची आणि त्या सायीवर कावळे चालायचे. संजना मॅडम सिंधू नदीबद्दल बोलायला तोंड उघडायच्या आणि वास थेट टाळूला जाऊन चिकटायचा. नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात. ह्या नदीचं मूळ विचारायची गरजच नव्हती, नाक शाबूत असलं की पुरे.

त्या दिवशी रिचेल नावाच्या मुलीनं विचारलं, की मॅडम, ती माणसं नदीजवळ राहायलाच का गेली, त्यांना वास नाही का यायचा. वर्ग हसला. संजनाला हसू आलं नाही, शिसारी आली. पोरीची नव्हे, पोरीवर हा प्रश्न विचारायची पाळी आणणाऱ्या मोठ्या माणसांची.

पुस्तकात चार ओळी होत्या. नदीमुळे पाणी मिळालं, गाळ मिळाला, धान्य पिकलं, नगरं वसली. जसं काही नदी म्हणजे मामा होती, आली आणि खाऊ देऊन गेली. संजनानं पुस्तक मिटलं आणि सांगितलं की नदी देते तशी ओरबाडून नेतेही. नाईल असो, सिंधू असो, नाहीतर जिच्या जिवावर आपल्या सोपाऱ्याला एकेकाळी दूरदेशीची गलबतं लागायची ती खाडी असो, पाणी अडवायला बांध लागतो आणि बांध एकट्याच्यानं होत नाही. त्यासाठी ज्याचं तोंड बघवत नाही त्याच्याही शेजारी उभं राहून माती ओढावी लागते. नदीनं माणसाला धान्य दिलं हे पुस्तकात आहे, शेजारी दिला हे पुस्तकात नाही, असं ती म्हणाली आणि मग तिनं आपल्या माहेरची, तिवरपाड्याची गोष्ट सांगितली.

तिवरपाडा वालीवच्या पलीकडे, खाडीला लागून. पाडा आणि खाडी यांच्या मधे भातशेती आणि त्या शेतीची राखण करणारा मातीचा लांबलचक बांध. भरतीचं खारं पाणी बाहेर ठेवायचं आणि पावसाचं गोडं पाणी आत धरायचं, एवढंच त्याचं काम. बांधाला कुठे भगदाड पडलं तर त्याला 'खांड' म्हणायचं. खांड ज्याला दिसेल त्यानं तिथूनच हाक द्यायची आणि ती कानावर पडली की घरटी एक माणूस फावडं घेऊन धावलाच पाहिजे. जेवत असला तर हात न धुता. काम उरकलं की ज्यानं हाक दिली त्यानं आलेल्या प्रत्येकाच्या ओंजळीत आपल्या हातानं पाणी ओतायचं. ते हाकेचं पाणी. ते प्यायलं की मागचं भांडण संपलं.

रिचेल काही गप्प बसणारी नव्हती. तिनं विचारलं, कोणी मुद्दाम बांध कापला तर? संजना म्हणाली, त्याच्या हातचं हाकेचं पाणी कोणी पीत नाही. आणि ठाऊक असून जो पिईल तो कापणाऱ्यातच धरला जातो. हे सांगताना मॅडमची मान चांगली ताठ झाली होती.

खरं तर 'आमचं गाव असं होतं', असं तिनं म्हणायला हवं होतं. तिवरपाड्यात आता शेत म्हणावं असं एकच उरलं होतं, संजनाच्या बापाचं. काळूराम सत्तरी ओलांडलेला, गुडघ्यानं अधू, पण पावसाळा लागला की चिखलात उतरायचाच. तो 'राता' लावायचा. राता म्हणजे तांबडा भात, थोड्या खारेपणाला दाद न देणारा, आजोबाच्या हातचं बियाणं. दरवर्षी पेंढ्याच्या मुड्यात बांधून ठेवायचं आणि पुढच्या वर्षी पेरायचं. पाड्यात दुसऱ्या कोणाकडे त्याची मूठभरही उरली नव्हती. मागच्या वर्षी पीक कमी आलं म्हणून ह्या वर्षी काळूरामनं होतं नव्हतं ते सगळं बियाणं पेरलं होतं. मुडा रिकामा होता. हे पीक गेलं तर राता गेला, इतकं ते सरळ होतं.

बाकीच्यांनी शेतं केव्हाच पडीक टाकली होती. प्रितेश नावाचा एक भरणीवाला दोन वर्षांपासून पाड्यात येजा करत होता. शेतात डेब्रिज ओतायचं, वर मुरूम टाकायचा आणि गाळे उभे करायचे, हा त्याचा धंदा. काळूरामचं शेत नेमकं मधे येत होतं. प्रितेशचा उजवा हात कोण, तर काळूरामचाच मुलगा अल्पेश. संजनाचा धाकटा भाऊ. बापाच्या जुन्या घराला खेटून त्यानं बंगला बांधला होता, पांढऱ्या फरशीचा. त्या फरशीवर बापानं चिखलाचे पाय घेऊन यायचं नाही म्हणून मागच्या दारी नळ बसवून दिला होता.

नारळी पुनवेला संजना राखी बांधायला माहेरी गेली. पुनवेला नाहीतर अवसेला खाडीला उधाण येतं, भर दुपारी पाणी चढतं, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत. अल्पेश पाटावर बसला होता खरा, पण सारखा मोबाईलवर वेळ बघत होता. वहिनीनं, हेतलनं, पेढे पुढे केले. संजनानं त्याच्या मनगटावर लाल गोंड्याची राखी बांधली, ओवाळलं, आणि त्यानं ताईच्या पाया पडून तिला साडी दिली. सगळं कसं गोडगोड चाललं होतं.

तिकडे जुन्या घरात काळूराम आपल्या मित्राची वाट बघत होता. बॅप्टिस्ट पाचूबंदरचा. आयुष्यभर ह्या खाडीत मासेमारी केली, जाळ्यात माशांपेक्षा पोरांचे वापरून फेकलेले लंगोट जास्त यायला लागले तेव्हा जाळं वळचणीला टाकलं. पण नारळी पुनवेचा नारळीभात खायला तो न चुकता काळूरामकडे यायचा. तो येऊन टेकला, काळूराम त्याला शेत दाखवायला म्हणून पुढे गेला, आणि बांधाकडून हाक आली.

संजनानं ती हाक लहानपणी ऐकली होती. पायात चप्पल न घालता ती धावली. बॅप्टिस्टकाका तिच्या आधी निघाले होते, वाटेत कोणाची तरी घमेली उचलून.

खाडी आत येत होती. मनुष्य आत येईल एवढ्या रुंद खांडीतून काळं पाणी हिरव्या भातात घुसत होतं, आणि नुसतं पाणी असतं तर देवाला हात जोडले असते. वर फेसाचा थर, फेसात थर्माकोल, बाटल्या, कुणाच्या तरी घरचं निर्माल्य गाठ मारलेल्या पिशवीत, फुगलेले लंगोट, आणि एक मेलेलं डुकराचं पिल्लू, पोट वर करून. हे सगळं राताच्या रोपांवरून असं सरकत होतं जसं काही त्याचाच मान होता. काळूराम कमरेएवढ्या पाण्यात एक फळी आडवी धरून उभा होता आणि हाका देत होता.

पाड्यातलं कोणीही आलं नाही. ऐकू गेलं नाही म्हणावं तर लोक गॅलरीत आले होते. एकजण दात कोरत होता. दोघीतिघींनी मोबाईल धरले होते. काळूरामच्या भाच्यानं तर वरूनच अंगठा दाखवला, म्हणजे काय दाखवलं ते त्याचं त्यालाच ठाऊक. सगळ्यांचं प्रितेशशी जमिनीच्या भावाचं बोलणं झालेलं होतं. हे शेत बुडालं की सलग तुकडा मोकळा होणार होता, मग वाहत्या गंगेत हात कोण धुणार नाही? गंगा कसली म्हणा, गटार, पण हात धुवायला त्यांना तेही चालत होतं. म्हाताऱ्याचा आवाज बसेपर्यंत ती माणसं उभी राहिली आणि मग जेवायला आत गेली. संजनाला त्यांच्या दारावर जाऊन थुंकावंसं वाटलं.

ओहोटी लागल्यावर तिघांनी काम धरलं. बॅप्टिस्टकाका मेखा ठोकत होते, काळूराम गोणीत चिखल भरत होता, संजना खांडीच्या कडेला उभी राहून गोण्या लावत होती. आणि तिथे तिला ते दिसलं. पाण्यानं फोडलेला बांध वेडावाकडा फुटतो, ढासळतो. ही कड वरच्या अंगाला सुरीनं बर्फी कापावी तशी सरळ होती, आणि तिच्यावर चार खोल ओरखडे होते, शेजारीशेजारी. पलीकडे भरणीवर प्रितेशचा जेसीबी उभा होता. त्याच्या बादलीला चार दात होते आणि दातांत बांधाची काळी माती अजून ओली होती.

मागून काळूराम गोणी ओढत येत होता. संजनाला वाटलं, हे आबांनी पाहिलं तर इथेच कोसळतील. तिनं दोन्ही हातांनी चिखल घेतला आणि ते चार ओरखडे लिंपून टाकले, वरून हात फिरवला. गोणी घेतली, लावली. काळूराम पुढची गोणी भरायला वळला.

संध्याकाळी तिनं अल्पेशला बंगल्याच्या मागच्या दारी, त्याच नळापाशी गाठलं. तिला वाटलं होतं तो नाकारेल, थोडा तरी ओशाळेल. त्यानं नाकारलं नाही. त्याच्या तोंडात पेढा होता, तो चघळतच तो समजावून सांगायला लागला. खारं पाणी आत आलं की दोनतीन वर्षं तिथे काही उगवत नाही. मग आबाच म्हणतील, वीक बाबा एकदाचं. ह्या वयात चिखलात मरण्यापेक्षा सोफ्यावर बसलेले काय वाईट? उलट हे त्यांच्या भल्याचंच. तिच्या त्या हडप्पाचं तरी काय झालं, शेवटी गेलंच ना मातीत, असंही तो म्हणाला आणि हसला. दातांना पेढ्याचा पांढरा लगदा चिकटला होता.

कुंपणच शेत खातं हे संजनानं मुलांना म्हण म्हणून शिकवलं होतं. खाताना ते असं दिसतं हे तिनं आज पाहिलं. ती म्हणाली, मी आत्ता जाऊन आबांना सांगते.

"सांग," अल्पेश म्हणाला. "पोरानं बांध कापला हे ऐकून म्हातारा जगेल असं वाटत असेल तर सांग. ते गेले तर माझ्यामुळे नाही, तुझ्या तोंडामुळे."

संजना गेली नाही. त्याच्याकडे पाठ करून ती नळाखाली हात धूत बसली. वास जाईना. तिनं स्वतःला सांगितलं, आबांसाठी गप्प बसते आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगितलं. आणि गप्प बसायचं एकदा ठरवलं की कारणांना काय तोटा!

तिघांनी लावलेल्या गोण्या पुढच्याच भरतीनं उचलून नेल्या. मग रोज दोन वेळा खाडी आत यायची, दोन वेळा बाहेर जायची, आणि जाताना घाण मागे ठेवून जायची. काळूराम दर ओहोटीला टोपली घेऊन जायचा, जमेल तेव्हा बॅप्टिस्ट यायचा, दोघं म्हातारे माती टाकायचे आणि माती वाहून जायची. भात आधी शेंड्याला पिवळा पडला, मग तांबूस, मग काळा होऊन लोळला. संजना एका संध्याकाळी गेली तेव्हा काळूराम भाताच्या रोपांची एक चूड उपटून तिच्या मुळांचा वास घेत होता. त्यानं ती परत जागेवर ठेवली, जसं काही ती अजून लागणार होती. संजनाला रडू नाही आलं, संताप आला, सगळ्या पाड्याचा, आणि त्या संतापाखाली काहीतरी सडकं होतं ज्याच्याकडे तिनं बघितलं नाही.

शाळेत मुख्याध्यापिकांनी प्रदर्शनासाठी थर्माकोलचं हडप्पा करायला सांगितलं होतं. मुलांनी सुंदर केलं. धान्याचं कोठार, विटांची झाकलेली गटारं, सगळं. संजनानं नदीला स्वतः निळा रंग दिला. रंग देताना तिच्या मनात आलं की त्या लोकांनी साडेचार हजार वर्षांपूर्वी गटारं झाकली आणि आम्ही नदीचंच गटार केलं, वर पुन्हा त्यांचा देखावा करून बक्षीस मिळवणार. रिचेलनं मधेच विचारलं, की मॅडम, तुमच्या गावच्या बांधाचं काय झालं. संजनानं तिला कागद नीट चिकटव म्हणून दटावलं.

मग पिठोरी अवस आली. आदल्या रात्रीपासून पावसानं असा हात धरला की सोडेचना. शाळेला सुट्टी दिली आणि संजना तशीच रिक्षा करून तिवरपाड्याला गेली, म्हाताऱ्याचं घर गळत असेल म्हणून. दुपारी उधाण चढलं. आता गंमत बघा. पावसाचं पाणी निघून जायची जी जुनी वाट होती ती प्रितेशच्या भरणीनं बुजवलेली, आणि खाडीला आत यायला ह्यांनीच दार उघडून ठेवलेलं. पाणी शेतात मावेना. ते पाड्यात आलं. गल्लीतून घरात आलं, आणि जिथून कोणी विचारही केला नव्हता तिथूनही आलं, संडासातून. अल्पेशच्या पांढऱ्या फरशीवर खाडी पसरली. पाड्यानं जे जे काही खाल्लं होतं ते सगळं दिवाणखान्यात परत आलं आणि सोफ्याच्या पायाशी तरंगायला लागलं. हेतल नाकाला ओढणी लावून त्याच्यावर सुगंधी फवारा मारत होती. गुलाबाचा वास आणि तो वास एकत्र झाला तेव्हा संजनाला दाराला धरून ओकावं लागलं.

जेसीबी बोलावला तर तो भरणीतच रुतून बसला. प्रितेशचा फोन बंद. तेव्हा अल्पेश बांधावर गेला आणि त्यानं हाक दिली. त्याला ती द्यायची पद्धत अजून येत होती, बापाकडूनच शिकलेला. बांध फुटलाऽ, याऽ.

काळूराम ओसरीवर बसला होता. तो उठला आणि त्यानं कोपऱ्यातलं फावडं घेतलं. संजनानं त्याचा दंड धरला. तुमच्या हाकेला कोण आलं होतं आबा, तिनं विचारलं. बसा खाली. बुडू दे एकेकाला आपल्याच घाणीत. पुढचं वाक्य अगदी जिभेवर आलं होतं, ह्यानंच कापलाय म्हणून. ते तिनं गिळलं.

"हाक कोनाची ते बघाचा नसते," काळूराम म्हणाला आणि दंड सोडवून घेऊन पावसात उतरला.

मग आला सगळा पाडा. न येऊन सांगतात कोणाला, ज्याच्या त्याच्या घरात गुडघाभर आलं होतं. दात कोरणारा आला, अंगठा दाखवणारा भाचा आला. बॅप्टिस्टकाकाही आले, त्यांचं तिथे वीतभर काही नसताना, आणि येताना वळचणीचं जुनं जाळं घेऊन आले. पाणी उतरायला लागलं तसं काळूरामनं कोणी कुठे उभं राहायचं ते सांगितलं. मेखा ठोकल्या, मेखांना जाळं गुंडाळलं, जाळ्यामागे गोण्या आणि गोण्यांवर चिखल. रांग लागली आणि चिखलाचे गोळे ह्या हातातून त्या हातात जायला लागले. वास इतका की बोलायला तोंड उघडवत नव्हतं. संजना रांगेत होती आणि तिच्या शेजारी अल्पेश होता, इस्त्रीचा शर्ट छातीपर्यंत काळा. तो खरंच राबत होता. कितीतरी वर्षांनी भावाच्या हातातून तिच्या हातात चिखल येत होता, लहानपणी यायचा तसा. अंधार पडायच्या आत खांड बुजली. खाडी बाहेर राहिली.

लोक बांधावर बसले. हसायला लागले, एकमेकांच्या तोंडावरचा चिखल दाखवायला लागले. घरोघरी पाणी शिरलं होतं, विहीर तर कधीच खारटली होती, म्हणून अल्पेशनं गाडीतला विकतच्या पाण्याचा जार आणला आणि घरातला पितळी तांब्या. हाक त्यानं दिली होती, पाणी त्यानं पाजायचं होतं. रीत कोणी विसरलं नव्हतं, सोयीची रीत कोण विसरतो? तो एकेकासमोर वाकून ओंजळीत पाणी ओतत निघाला. भाचा प्यायला. दात कोरणारा प्यायला. बॅप्टिस्टकाकांनी कपाळाला हात लावून क्रूस केला आणि प्यायले.

तो संजनासमोर आला. तिचा घसा सुकून लाकूड झाला होता. तांब्या धरलेल्या मनगटावर तिची राखी होती, लाल गोंडा चिखलानं काळा झालेला. तो म्हणाला, "ताई, घे." तो आवाज लहानपणीचा होता. संजनानं ओंजळ पुढे केली. पाणी थंड होतं, त्याला कसलाच वास नव्हता. ती सगळं प्यायली, हनुवटीवरून ओघळलं तेही हातानं निपटून घेतलं.

शेवटी काळूराम. त्यानंही ओंजळ धरली. अल्पेशनं तांब्या कलता केला आणि म्हाताऱ्याची ओंजळ काठोकाठ भरली. काळूरामनं मुलाकडे पाहिलं. घाईनं नाही, रागानं नाही. मग त्यानं दोन्ही हात हळूच दूर केले. पाणी खाली पडलं, नुकत्याच लिंपलेल्या मातीवर.

बांधावरचं हसू थांबलं. ह्याचा अर्थ सांगायला तिथे कोणी लागत नव्हतं. भाच्यानं तोंडातलं उरलेलं पाणी बाजूला थुंकलं. बॅप्टिस्टकाका आपल्या ओल्या हातांकडे बघत राहिले, मग त्यांनी ते शर्टाला पुसले, पुन्हा पुन्हा पुसले. अल्पेश तांब्या घेऊन उभाच होता. हात खाली घ्यायचं त्याला सुचत नव्हतं.

संजनाला वाटलं आता आबा काहीतरी बोलतील, त्याच्या श्रीमुखात देतील. पण काळूरामची मान वळली ती अल्पेशकडे नाही. तो तिच्याकडे बघत होता. तिच्या ओल्या हनुवटीकडे.

"चार दात व्हते," तो म्हणाला. "तू लिंपलंस तवा मी तुझ्या मागंच उभा व्हतो."

त्यानं फावडं खांद्यावर टाकलं आणि बांधावरून घराकडे चालायला लागला. बॅप्टिस्टकाका त्याच्या मागोमाग गेले. जाताना संजनाकडे त्यांनी पाहिलं नाही.

तिला हाक मारायची होती, पण कुठल्या तोंडानं? आजवर तिला ज्याची ज्याची किळस आली होती ते सगळे तिथेच बसले होते, गॅलरीतले, अंगठ्यावाले, पेढावाला, आणि ती त्यांच्याच ओळीत बसली होती. नव्हे, बांध कोणी कापला हे त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना निदान ठाऊक नव्हतं. ती बांधाच्या खाडीकडच्या उतारावर गेली, चिखलात गुडघे टेकले आणि दोन बोटं घशात घातली. एकदा घातली, पुन्हा घातली. दुपारीच सगळं ओकून झालं होतं, आता नुसता कडू फेस आला. पाणी काही बाहेर आलं नाही.